कोबी, माणसं आणि चार टायर

३ नोव्हेंबर

सासूबाईंनी आज फोनवर सांगून टाकलं, यंदा किमची, म्हणजे कोबीचं वर्षभराचं तिखट लोणचं, घालायची नाही.

मी तेव्हा एका बाईच्या केसांत रोलर गुंडाळत होते. फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. "आई, काय म्हणालात?"

"कोबी व्यापाऱ्याला देऊन टाकते. तुम्ही दुकानातून पिशव्या आणून खा. कोबीपायी पोटची पोरं रस्त्यावर सांडायची नाहीत मला." आणि फोन बंद.

गेल्या वर्षीचं त्यांच्या मनातून जातच नाही. सासूबाईंच्या गावाहून, हेनामहून, परत येताना गोछांगच्या पुढच्या वळणावर आमच्या गाडीचा मागचा डावा टायर फाटला. गाडी भरधाव, मागे वर्षभराची किमची. गाडीचं बूड एकदा इकडे गेलं, एकदा तिकडे, आणि कठड्याला लागता लागता थांबलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण डब्यांची झाकणं उडाली नि आत सगळं लालेलाल. महामार्गावरचा पोलीस खिडकीतून डोकावला तो पांढराफटकच पडला. वन्सं, म्हणजे माझी नणंद गुम्ही, केसांत मिरचीचा मसाला घेऊन बसल्या होत्या. त्याला म्हणतात, "साहेब, रक्त नाही, चाखून बघा." हे आम्ही सासूबाईंना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

मला मात्र किमची घालायचीच आहे. या घरात येऊन मला चार वर्षं झाली. दुसरं लग्न, तेही केस रंगवायच्या वयात. लग्नात सगळे माझ्याशी गोड बोलले, पाहुण्यांशी बोलतात तसे. मग नोव्हेंबरात हेनामच्या अंगणात बसलो. सासूबाईंनी पहिलं मसाला भरलेलं पान गुंडाळलं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "आ कर." मी आ केला. त्या दिवसापासून पाहुणचार संपला आणि मला ओरडा बसायला लागला. मला फार बरं वाटलं होतं.

संध्याकाळी मी परत फोन केला. "आई, टायरचं यंदा मी बघते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"अजून काही नाही. कळून घेते."

मग, "कोबी राहू दे थोडे दिवस शेतात."

४ नोव्हेंबर

मी बघते म्हटलं आणि यांनी आधीच बघून ठेवलंय! यांचा शाळूसोबती ग्वाक, त्याचं टायरचं दुकान आहे. त्याच्याकडे चार टायरांचा एक संच सवलतीत आलाय. "मऊ आहे मिरान, आवाजच नाही. गाडी लोण्यावर चालल्यासारखी." हे, म्हणजे सोक्चोल, लोण्यावर घसरले की थांबवता येत नाहीत.

जेवायला वन्सं आणि त्यांचे यजमान दोशिक आले होते. दोशिक फळांचा छोटा ट्रक चालवतात. ते म्हणाले, "दादा, मऊबिऊ सोडा. माझ्या ट्रकला आहेत तसले घाला. हत्ती बसवा, काही होणार नाही."

"ही घरची गाडी आहे, ट्रक नाही."

"गेल्या वर्षी ट्रकच होता की. नुसता रंग वेगळा."

वन्सं म्हणाल्या, "तुम्ही दोघं टायर व्हा, आम्ही बसतो."

मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. टायर काळा असतो आणि गोल असतो, इतकंच.

७ नोव्हेंबर

आज कळलं! आणि तेही माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीत.

बांगबाई पर्म करायला, केस कुरळे करून घ्यायला येतात. गाडी तपासणी केंद्रात आयुष्यभर साहेबीण होत्या, निवृत्त झाल्या तरी आवाज तोच. त्यांना सगळं माहीत असतं आणि ते माहीत आहे हेही त्यांना माहीत असतं. एरवी मी विषय काढत नाही. आज काढला.

"टायरचा फोटो आहे?" त्यांनी विचारलं. मी यांनी पाठवलेला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा डोक्यावरच्या रोलरांवरून खाली ओढला. "हा मापाचा आकडा. आणि हा त्याच्या शेपटीचा, एकशे तीन. हा आहे वजन पेलायचा. गाडीच्या दारात, खांबावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर काय आहे?"

मी पळत जाऊन बघून आले. चार वर्षं त्या दारातून चढते-उतरते, चिठ्ठी आज दिसली. एकशे सात.

"बघ! माप तेच, म्हणून चाकावर बसेल छान. पेलणार कमी. एकशे सात म्हणजे एका टायरला पावणेदहाशे किलो. एकशे तीन म्हणजे पावणेनऊशे."

"पण बाई, चार टायर मिळून साडेतीन टन झाले की. गाडी तर भरून एवढी होत नाही. हे तेच म्हणतील."

"नवरे तेच म्हणतात. चौघींनी मिळून कोबीचं पिंप उचललं आणि पायऱ्या उतरायला लागल्या, तर सगळ्या जणींवर सारखा भार येतो? खालच्या दोघींची कंबर मोडते. तुमची किमची असते मागे. भार मागच्या चाकांवर. वळण आलं की एकाच चाकावर. वर खड्डा. वर ऊन, वेग. आणि हा जो आकडा आहे ना, तो हवा पूर्ण भरलेली असेल तेव्हाचा. गेल्या वर्षी हवा बघितली होतीत?"

मी उगीच एक रोलर पुन्हा घट्ट केला.

"मग फाटला तो बरोबरच फाटला."

मी ट्रकच्या टायरबद्दल विचारलं. त्यांनी हात असा झटकला की रोलर सुटला. "त्याला हवा किती जास्त लागते! गाडी दगडावरून चालल्यासारखी चालेल, सासूच्या कवळ्या हातात येतील. ओल्या रस्त्यावर थांबायचं तेव्हा थांबेल का, तेही बघ. आणि एक नीट ऐक. टायर भक्कम घेतला म्हणून गाडीचा सांगाडा भक्कम होत नाही. माणसं आणि सामान मिळून किती घ्यायचं, तेही दारातल्या त्याच चिठ्ठीवर लिहिलंय. टायर चिठ्ठीप्रमाणे, हवा चिठ्ठीप्रमाणे, ओझं चिठ्ठीप्रमाणे. गाडी बनवणाऱ्याला तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त कळतं."

या गडबडीत पर्मचं औषध जरा जास्त वेळ राहिलं. बांगबाई आज मेंढीसारख्या दिसत होत्या. त्यांना आवडलं.

८ नोव्हेंबर

यांना सांगितलं. यांनी साडेतीन टनांचंच गणित मांडलं, अगदी बांगबाई म्हणाल्या तसं. मी पिंपाचं सांगितलं. ते म्हणाले, "मिरान, तू केस काप."

९ नोव्हेंबर

बोलणं बंद. त्यांनी स्वतःच शेवया उकडून खाल्ल्या, माझ्याकडे पाठ करून, सूं सूं आवाज करत. राग आला की ते जास्त आवाज करून खातात.

माझ्या आईला सच्छनला, माहेरी, फोन लावला. मागे ड्रायरची घरघर. "मी पार्लरात आहे, नंतर बोलते." नोव्हेंबरात पार्लर? थंडीत आई घराबाहेर पाऊल टाकत नाही. बाबा गेल्यापासून कुणाच्या लग्नालाही जात नाही; माझ्याही आली नाही. सर्दी झाली म्हणाली होती. लेकीनं एक घर मोडलं आणि दुसरं मांडलं, आता व्याह्यांना काय तोंड दाखवू, ही तिची सर्दी. ती अजून उतरलेली नाही. एकटीपुरती किमचीही घालत नाही, दुकानातली छोटी पिशवी आणते. मी दरवर्षी हेनामची पाठवते. "छान होती" म्हणते. कशी छान, ते कधी सांगत नाही.

पार्लरात गेली, ते बरंच झालं. पण दुसरीकडून केस करून घेतले याचं जरा लागलं.

१२ नोव्हेंबर

आम्ही दोघं ग्वाककडे गेलो. ग्वाक बोलका माणूस, टायरवर हात फिरवत म्हणाला, "वहिनी, बघा, बाळाच्या गालासारखा."

मी म्हटलं, "भाऊजी, सुंदर आहे. एक सांगा. आम्ही पाच माणसं आणि गाडीभर किमची घेऊन हेनामहून येणार. हाच टायर योग्य आहे, असं छातीवर हात ठेवून सांगा. मागे तुमच्या मित्राची बहीण बसणार आहे."

ग्वाकनं यांच्याकडे पाहिलं. मग टायरकडे. मग डोकं खाजवलं. "भरून नेणार? दर वर्षी? तू मला ऑफिसला जायला म्हणालास रे."

"मी गाडीला म्हणालो."

"वहिनी, भरून नेणार असाल तर हा नको. मग चिठ्ठीवरचाच आकडा घ्या. त्याच मापात जरा ताकदीचा येतो, तो मागवतो. थोडा कडक लागेल बसायला."

यांचा चेहरा पाहून मला दया आली. गाडीत बसल्यावर ते बराच वेळ चावी हातात घेऊन बसले. म्हणाले, "गेल्या वर्षीचेही ग्वाककडचेच होते. मीच सांगितलं होतं, स्वस्त बघ."

मी म्हटलं, "भूक लागलीय."

रस्त्याकडेच्या गाडीवर गरम फिशकेक, म्हणजे माशाच्या वड्या खाल्ल्या, रस्सा प्यायलो. त्यांनी माझ्या कागदी पेल्यात आपल्यातला रस्सा ओतला. भांडण मिटलं.

१३ नोव्हेंबर

सासूबाईंना सगळं सांगितलं. एकशे सात, हवा, पिंप, पायऱ्या, सगळं. त्या मधेमधे "हं" म्हणत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे माणसांची वजनंही मोजणार?"

"मोजावी लागतील. माणसं वजा करून उरेल तेवढाच कोबी."

"मग एक माणूस जास्त धर. चार नाही, पाच. हडकुळं आहे."

ग्वाककडे पाच मी आपले ठोकून दिले होते, माणसं तर चारच. मी विचारलं, "पाचवं कोण?"

"टायरला नाव लागतं की वजन?"

माझ्या लक्षात आलं! सासूबाई स्वतःच आमच्याबरोबर येणार, थंडीचे दोन महिने इथे राहायला. उघड म्हणायला मानी स्वभाव आड येतो. आणि स्वतःला हडकुळ्या म्हणवतात! त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या तर आतला दिवा दिसत नाही. मी गुपचूप सत्तर किलो धरले.

उद्या त्यांच्यासाठी गरम होणारी गादी बघते. मागची खोली रिकामी करायला हवी.

१६ नोव्हेंबर

माणसांची वजनं विचारणं हे टायर निवडण्यापेक्षा अवघड आहे.

यांनी पंचवीस वर्षांपूर्वीचं सांगितलं. दोशिक म्हणाले, "वहिनी, मोठा आकडा लिहा, उगीच विषाची परीक्षा नको." वन्संनी फोनच ठेवला.

मग मी वन्संना घेऊन सार्वजनिक न्हाणीघरात गेले. गरम पाण्यात बुडून झालं, एकमेकींच्या पाठी घासून झाल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळून उकडलेली अंडी खाऊन झाली. कपडे बदलायच्या खोलीत वजनकाटा आहे. मी आधी चढले. मग म्हटलं, "वन्सं, या."

"मी अंडी खाल्लीत."

"अंडीही हेनामला येणारच आहेत."

त्या चढल्या. आकडा आला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मागे एक म्हातारी उभी होती, तीही वाकून बघायला लागली आणि म्हणाली, "काटा बरोबर आहे हो, मी रोज चढते." वन्सं इतक्या हसल्या की काटा थरथरायला लागला.

"दोशिकला सांगायचं नाही."

"सांगायचं नाही."

"आणि आईलाही. ती म्हणेल, तेवढा कोबी बसला असता."

कपडे घालताना वन्सं अचानक म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या आईंना किमचीत खारवलेली कोळंबी आवडते की मांदेली?" मी म्हटलं, सच्छनकडचे सगळे कोळंबीवालेच. त्या "अरे देवा" म्हणाल्या आणि मोजे घालत बसल्या. यात देवाचा काय संबंध?

१९ नोव्हेंबर

रात्रीची भांडी घासताना यांनी विचारलं, "तुझ्या आईला गाडी लागते का?"

"मागे बसली तर लागते. पुढे नाही. का?"

"सहज."

नंतर गॅलरीत जाऊन कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. "अहो, अजिबात नाही... आमच्या आईनंच सांगितलंय... गरम कपडे घ्या फक्त." बहुतेक ग्वाकची बायको. तिलाही हेनामला यायचं असेल तर माझ्या हिशेबाचं काय होणार? उद्या विचारते.

२१ नोव्हेंबर

टायर बसले. मी प्रत्येकाच्या अंगावर वाकून आकडा वाचला. चारही एकशे सात. ग्वाक म्हणाला, "वहिनी, पोराच्या शाळेतले गुणही कुणी इतके तपासत नाही." भरलेल्या गाडीला किती हवा, तेही चिठ्ठीवर वेगळं दिलंय. ते मी तोंडपाठ केलं, आणि हवेचं मीटर विकत घेऊन गाडीच्या कप्प्यात ठेवलं.

घरी येताना मीच चालवली. थोडी कडक झालीय खरी. गतिरोधकावर यांचे दात वाजले. मला मात्र स्टिअरिंगमधून रस्ता कळत होता. आवडलं.

ग्वाकची बायको येत नाही. यांना विचारलं तर ते इतके गोंधळले की मीच विषय सोडला. बिचाऱ्यांना वाटलं असेल, मी संशय घेतेय.

२८ नोव्हेंबर, हेनाम

रात्र फार झालीय. पण लिहायचंच आहे.

पहाटे निघालो. मी गाडी चालवत होते, हे शेजारी, वन्सं आणि दोशिक मागे. सगळ्यात मागची सीट दुमडून तिथे रिकामे डबे. आकाश स्वच्छ. पश्चिम किनाऱ्याच्या महामार्गावर गाडी अशी धावत होती की मी गाणं म्हणायला लागले. दोशिक ओरडले, "वहिनी, टायर चांगलेत, म्हणून छळ करायचा नाही."

सच्छनच्या फाट्याअलीकडे हे म्हणाले, "इथे बाहेर घे."

"का?"

"लघवी."

"पुढे थांबायची जागा आहे की."

"पुढेपर्यंत नाही जमणार."

मी बाहेर घेतली. मग म्हणाले, डावीकडे. मग म्हणाले, सरळ. मागे दोघं एकदम गप्प. मला वाटलं, तिघांनाही लागलीय. मग पूल आला, मग ती पेरूची गल्ली... पेरूची कसली, नासपतींची. काय लिहितेय मी! माझीच गल्ली आणि मला नीट लिहिता येत नाहीये.

आई फाटकापाशी उभी होती. अंगात वांगी रंगाचा कोट, बाबा होते तेव्हाचा. पायाशी कोळंबीची बरणी आणि हानसानच्या दारूची एक सुरई. डोक्यावर नवा पर्म, इतका घट्ट की कोबीचा गड्डा.

मी गाडी थांबवली. नीट थांबवली, एवढं आठवतंय.

"केस कुणी केले तुझे?" माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"इथल्याच बाईनं. तुझ्याकडे आले असते तर तुला कळलं असतं."

यांनी मग सांगितलं. सासूबाईंनी माझ्या आईला स्वतः फोन केला होता, मी टायरचं बघते म्हटलं त्याच आठवड्यात. म्हणाल्या होत्या, तुमची मुलगी माझ्या घरासाठी चाकं शोधत फिरतेय, तर तुम्हीही बसा त्या गाडीत. आई नाही म्हणाली. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी परत फोन केला. तिसऱ्या दिवशीही. पाचवं हडकुळं माणूस आई होती. आणि मी गरम गादी घेऊन बसलेय!

बरणी आणि सुरई दोशिकनी आत ठेवली. यांनी पुढचं दार उघडून धरलं. आणि आई पायरीवर बसली.

"मी नाही येत," ती म्हणाली. "तुम्ही कोळंबी घेऊन जा."

"आई!"

"जुने लोक म्हणतात ना, विहिणीचं घर आणि संडास, दोन्ही लांबच बरी. काय तोंडानं जाऊ? लग्नाला आले नाही मी तुझ्या. त्या बाईनं विचारलं, तर काय सांगू, सर्दी?"

मला रडू यायला लागलं, आणि रडले असते तर आई आत निघून गेली असती, मला माहीत आहे. तेवढ्यात वन्सं उतरल्या. पायरीवर आईच्या शेजारी जाऊन बसल्या, मांडीला मांडी लावून. म्हणाल्या, "मावशी, तुमचं वजन धरून टायर घेतलेत. वहिनींनी सगळ्या घरादाराला काट्यावर चढवलं, माझीसुद्धा लाज काढली. आता तुम्ही आला नाहीत तर गाडी एका अंगाला कलेल, आणि माझी लाज फुकट जाईल."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुमचं किती भरलं?"

वन्संनी आईच्या कानात सांगितलं. आईनं डोळे मोठे केले. मग तोंडावर हात धरून हसायला लागली, खांदे हलवत, बाबा काहीतरी चावट बोलले की हसायची तशी. हसता हसताच उठली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. पट्टा मी लावला. कोटाला डांबरगोळ्यांचा वास होता.

दुपारी पोचलो. सासूबाई अंगणात मिठाच्या पाण्याच्या पिंपाशी उभ्या होत्या, कोपरापर्यंत हात ओले. आई गाडीतून उतरली आणि कमरेतून इतकी खाली वाकली की मला भीती वाटली. सासूबाईही वाकल्या. दोघी वाकल्या त्या वाकलेल्याच, आधी कोण वर होणार ते ठरेना. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, कंबर धरेल. हात धुवा, कोबी वाट बघतोय."

लग्नाचा कुणी विषय काढला नाही.

मग सासूबाई गाडीभोवती फिरल्या. प्रत्येक टायरला पायानं एकेक लाथ मारली. मला म्हणाल्या, "कडक आहेत." इतकंच. पण संध्याकाळी माझ्या ताटात माशाचा पोटाकडचा तुकडा त्यांनीच टाकला.

३० नोव्हेंबर

काल दिवसभर किमची. लिहायला वेळ नव्हता, आणि बोटं अजून जळतायत.

भांडण अपेक्षेप्रमाणे झालं. सासूबाईंची बरणी मांदेलीची, आईची कोळंबीची. सासूबाई म्हणाल्या, "कोळंबी म्हणजे पाणी. आजाऱ्याला द्यावी." आई म्हणाली, "मांदेलीनं तोंडाला वास येतो, म्हणून दक्षिणेचे लोक मोठ्यानं बोलतात, जवळ कुणी येत नाही ना." सासूबाईंनी मुळ्याची किसणी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "जावईबापू, दुसरं घमेलं आणा. दोन्ही करू. वर्षभर खाऊन बघू द्या पोरांना." दोन घमेली, दोन सेनापती. हे आणि दोशिक गड्डे वाहून आणत होते आणि दोन्हीकडून शिव्या खात होते.

आईला मी असं कधी पाहिलं नव्हतं. बाह्या दुमडलेल्या, गालावर मिरची, नव्या पर्मवर मिठाचे खडे. पहिलं पान भरलं तसं तिनं गुंडाळून माझ्यापुढे धरलं. त्याच क्षणी दुसऱ्या बाजूनं सासूबाईंचा हात आला. दोघी एकदम म्हणाल्या, "आ कर." मी दोन्ही एकदम तोंडात घेतली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. "कुठली चांगली?" दोघींनी विचारलं. तोंड इतकं भरलं होतं की उत्तर द्यावं लागलं नाही. देवाची कृपा.

संध्याकाळी डुकराचं उकडलेलं मांस, ताजी किमची, कालवं आणि आईची दारू. ती गोड लागते म्हणून बसून पीत राहावं, आणि उठायला गेलं की पाय येत नाहीत. दोशिक गुडघ्यांवर रांगत झोपायला गेले.

आज निघायची वेळ. मी काटा मांडला, डबे मोजून गाडीत रचू लागले, जड ते खाली आणि पुढच्या बाजूला, म्हणजे मागच्या चाकांवर कमी भार. चिठ्ठीची मर्यादा भरत आली आणि सासूबाई रताळ्यांची पोती घेऊन आल्या. त्यामागे कांद्याची. त्यामागे वन्संच्या शेजारणीसाठी म्हणून आणखी दोन डबे.

"आई, बस. आता नाही."

"दोन डब्यांनी काय होतंय?"

या घरात सासूबाईंना नाही म्हणणारं अजून कुणी जन्मलं नाही. हे झाडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणाला होतात, कोबीपायी पोरं सांडायची नाहीत. मग डबे खाली ठेवा."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. डबा हातात. खाली ठेवेनात, पुढेही करेनात.

तेव्हा ओसरीवरून आईचा आवाज आला. "माझं किती धरलंय?"

"काय?"

"माझं वजन गं. हिशेबात किती धरलंस?"

"आता खरं सेहेचाळीस. का?"

"मग मला उतरव आणि तेवढं भर."

सगळे हसले. मीही. आई हसत नव्हती. तिनं कोट काढून ठेवला होता आणि सासूबाईंची फुलाफुलांची गोधडीसारखी विजार घालून ती ओसरीवर मुळ्याची पानं निवडत बसली होती. "घरी जाऊन काय करू?" ती म्हणाली. "तिथे माझी वाट बघायला एक टीव्ही आहे."

सासूबाईंनी डबा माझ्या हातात दिला. "हा धर. विहीणबाई राहतील. मलाही इथे टीव्हीच आहे."

म्हणून आईच्या जागी दोन डबे आले आणि थोडी रताळी. पण पुढच्या सीटवर नाही. पुढे हे बसले, आणि डबे मधल्या सीटवर, वन्सं आणि दोशिकच्या मधोमध, पट्टा लावून. कांदा राहिला. हवा बघितली, मीटर लावून, चारही टायरांची. सासूबाई शेजारी उकिडव्या बसून बघत होत्या. "मला दाखव," म्हणाल्या, आणि चौथा टायर त्यांनी स्वतः मोजला.

गोछांगच्या पुढचं ते वळण आलं. गाडी जड होती, वळणावर कललीही, पण चाकं रस्त्याला धरून होती, आणि ते मला हातांत कळत होतं. वळण सरलं. मागून वन्सं म्हणाल्या, "या डब्याला माझ्यापेक्षा चांगला पट्टा लावलाय."

२ डिसेंबर

आज दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांना दोन्ही किमच्या वाटल्या. बांगबाईंनी कोळंबीची निवडली आणि तीच बरोबर का, ते अर्धा तास सांगितलं.

जेवणानंतर आईला फोन लावला. बराच वेळ वाजला. मग सासूबाईंनीच उचलला, "हं, बोल लवकर." मागून आईचा आवाज, "पत्ता टाका आधी, फोन नंतर!" दोघी फुलांच्या चित्रांचे पत्ते खेळत बसल्या होत्या.

"आईला द्या ना."

आई आली. आवाज वेगळाच, धावत आल्यासारखा. "जेवलीस का? बरं. मी ठेवते."

"अगं, थांब. थंडी आहे का? औषध घेतलंस? घरी कधी येणार? आम्ही न्यायला येतो."

"ही बाई पत्ते लपवते," आई म्हणाली. "एकदा हरू दे हिला. मग बघू."

आणि फोन बंद.